ठिगळ आणि शुद्धिपत्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे आमच्या वेळी शाळेचे ग्रंथालय असे. पुस्तकात छपाईची चूक आढळली, तरी मूळ ओळीवर ते लेखणी फिरवू देत नसत. पुठ्ठ्याच्या आतल्या अंगास एक चिठ्ठी चिकटवावयाची, तीवर पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध अशी खाती पाडावयाची, आणि खाली आपले नाव लिहावयाचे, असा त्यांचा दंडक होता. ते नाव आम्हांला फार जड वाटे. आज मी ज्या विषयाचा इतिहास सांगणार आहे तो संगणकाचा असला, तरी त्या चिठ्ठीपासून तो फार दूर नाही.

ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता आणि वाटता येते, तिला मुक्तस्रोत म्हणतात. ती लिहिणारे मूळ कर्ते म्हणजे आमच्या व्यवसायाच्या भाषेत 'अपस्ट्रीम', प्रवाहाच्या वरच्या अंगाचे लोक. खाली बसलेले आम्ही ती संहिता आणतो, आपल्या गरजेपुरता चार ओळींचा फेरफार करतो आणि तिची 'बिल्ड' करतो, म्हणजे तिच्यापासून चालणारी आज्ञावली तयार करतो. या फेरफाराला 'पॅच', अर्थात ठिगळ, असे नाव आहे. वरून नवी आवृत्ती आली की जुनी ठिगळे तिला पुन्हा लावावी लागतात, आणि खरी अडचण तेथे सुरू होते. नकलांतून पाठभेद शिरतात हे आपणांस नवे नाही. ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करण्यासाठी शके १५०६ मध्ये एकनाथांना बसावे लागले, ते याच कारणाने.

दोन संहितांतील फरक ओळीगणिक काढून देणारी 'डिफ' ही आज्ञावली बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी केली. तिने शुद्धिपत्र तयार करून दिले. ते मूळ संहितेत उतरविण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागे. मे १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली आणि तेही काम यंत्राकडे गेले. (पर्ल ही भाषा त्यांनी १९८७ मध्ये आणली.) तिची खुबी अशी, की मूळ संहितेत वर-खाली भर पडून ओळींचे क्रमांक सरकले असले, तरी भोवतालच्या ओळी ओळखून ती नेमकी जागा शोधते. त्या ओळी पुरत्या जुळल्या नाहीत, तर कडेची एक ओळ, नंतर दोन ओळी, सोडून देऊन पुन्हा पाहते. या सैलपणाला 'फझ' म्हणतात.

या सैलपणाने मला एकदा चांगलाच हात दाखविला. एका संस्थेत मी बिल्ड सांभाळीत असता आमची अकरा ठिगळे होती. त्यांतील एक, मंद दूरध्वनी-मार्गावरील शाखांसाठी प्रतीक्षेची मुदत वाढविणारे होते. नव्या आवृत्तीत मूळ कर्त्यांनी त्याच धर्तीचा दुसरा विभाग लिहिला होता, आणि आमचे ठिगळ जाऊन बसले त्या शेजारच्या विभागात. पडद्यावर 'यशस्वी' असे उमटले, पुढे 'फझ २' हेही उमटले. मी पहिला शब्द वाचला आणि पुढे गेलो. तीन आठवडे एका शाखेचे हिशेब अर्धवट येत राहिले. तेथील कारकुनाने विलंबाबद्दल लेखी खुलासा दिला. चूक माझी होती, हे कळेपर्यंत तो खुलासा त्याच्या नस्तीत लागलेला होता.

माझी चूक एका शाखेपुरती राहिली. डेबियन या लिनक्स-वितरणात घडले ते याहून फार मोठे. गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या 'ओपनएसएसएल' या संहितेवर एका तपासणी-आज्ञावलीचा आक्षेप येई, की स्मृतीतील जागेत काही लिहिण्यापूर्वीच तेथील मजकूर वाचला जात आहे. डेबियनच्या जबाबदार कार्यकर्त्याने २००६ मध्ये मूळ प्रकल्पाच्या पत्रसूचीवर पृच्छा केली. उत्तर अनुकूल आले, आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळी वगळल्या गेल्या. त्यांपैकी एक खरोखरच वगळण्याजोगी होती. तपासणीच्या वेळी ती गाळण्याची सोय मूळ कर्त्यांनीच ठेवलेली होती. दुसरी मात्र, जिच्यातून सारी यदृच्छा आत येत असे, ती ओळ होती. ती गेल्यावर किल्लीत अनिश्चित असे उरले ते केवळ चालू प्रक्रियेचा क्रमांक, आणि असे क्रमांक जेमतेम ३२,७६८. ज्या किल्लीचा शोध युगानुयुगे लागू नये, ती एका यादीत मावू लागली.

हा दोष सप्टेंबर २००६ मध्ये शिरला आणि लुचियानो बेल्यो यांना तो सापडून १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. तोवर डेबियनवरून उबुंटूतही तो उतरला होता. आज्ञावली सुधारणे सोपे होते. परंतु त्या वीस महिन्यांत घडविलेल्या किल्ल्या बदलल्याखेरीज गत्यंतर नव्हते. 'डीएसए' पद्धतीची किल्ली तर अन्यत्र घडविलेली असली, तरी अशा यंत्रावर एकदा सहीसाठी वापरली की निकामी समजावी, असे सांगण्यात आले. मूळ कर्ते म्हणाले, बदल आमच्याकडे रीतसर आलाच नाही. खालचे म्हणाले, आम्ही विचारले होते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, असे माझे मत आहे. पृच्छा झाली होती, पण पूर्ण ठिगळ, कारणासह, योग्य माणसापुढे ठेवले गेले नव्हते.

ठिगळे सुटी ठेवण्याची रीत त्यापूर्वीच रुळू लागली होती. लिनक्सच्या गाभ्यावर काम करताना अँड्र्यू मॉर्टन यांनी शेकडो ठिगळे ओळीने लावण्या-काढण्यासाठी साधने रचली होती, आणि त्यांच्या आधारे अँड्रियास ग्रुएनबाखर यांनी 'क्विल्ट' केले. क्विल्ट म्हणजे गोधडीच. त्यात मूळ संहिता अस्पर्श राहते. प्रत्येक ठिगळ स्वतंत्र असते आणि त्यांचा क्रम एका यादीत असतो. २००९ मध्ये डेबियनमध्ये ठिगळाच्या माथ्यावर लिहावयाच्या नोंदींचे संकेत मांडले गेले: हे कशासाठी, कोणाचे, कोठून घेतले, आणि मूळ कर्त्यांकडे पाठविले की नाही.

त्या संस्थेतील अकरा ठिगळांना आम्ही पुढे अशीच नोंद जोडली. सात मूळ कर्त्यांनी स्वीकारली आणि आमच्याकडून नाहीशी झाली. दोहोंचे कारण कोणालाच सांगता येईना, ती काढली. काही बिघडले नाही. उरलेल्या दोहोंच्या माथ्यावर माझे नाव आहे. शाखेतील त्या गृहस्थाला मी पत्र लिहिले, आणि त्याची एक प्रत त्याच्या नस्तीत, त्या खुलाशाच्या वर, लावून घेतली.