एम्प्रेस मिल ते मिहान: व्यापारातून नोकरी मिळते, पण कोणाला?

धरमपेठेतून आजचा एपिसोड. प्रश्न सरळ आहे: परदेशाशी व्यापार वाढला की आपल्याकडे नोकऱ्या वाढतात का? पुस्तकी उत्तर ‘हो’. नागपूरचा इतिहास म्हणतो, ‘हो, पण कोणाच्या ते आधी विचार.’

चला १८६१ मध्ये. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस अडला. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वळली आपल्या हिंगणघाट-वऱ्हाडच्या कापसाकडे. भाव आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव धाडकन खाली. युद्ध सात समुद्रांपलीकडचं, पण हिशोब इथल्या शेतकऱ्याच्या घरी चुकला.

१८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोचली. गाडी दोन्ही दिशांना धावते ना! इकडून कापूस गेला, तिकडून मँचेस्टरचं स्वस्त कापड आलं. घरी सूत कातणाऱ्या बायकांची कमाई गेली. जाडंभरडं कापड विणणाऱ्या महार विणकरांचं गिऱ्हाईक तुटलं. बारीक काठाची लुगडी विणणारे कोष्टी तग धरून राहिले, पण आता गिरणीच्या सुतावर.

मग १ जानेवारी १८७७. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबई सोडून नागपूर का? कापूस शेजारी, रेल्वे दाराशी. पुढे हजारो हातांना काम मिळालं. गिरणीत १८८६ मध्ये पेन्शन फंडसुद्धा आला, त्या काळी ही मोठीच गोष्ट. ज्यांचा माग बंद पडला होता, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी आता पगार येऊ लागला. पण चरखा सोडलेल्या प्रत्येक बाईला गिरणीचं दार उघडलं का? नाही.

२००२ मध्ये एम्प्रेस मिल बंद झाली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. आणि शहराच्या दक्षिणेला मिहानमध्ये आयटी कंपन्या आल्या. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला. माझा पगार परदेशी क्लायंटच्या बिलातून येतो, म्हणजे मीही निर्यातच करतो. फक्त मालगाडीऐवजी केबलमधून.

फरक एकच, पण मोठा. गिरणीत अक्षरओळख नसलेला माणूसही काम शिकून मागावर उभा राहायचा. आमच्या गेटवर आधी डिग्री विचारतात. म्हणजे गिरणी कामगाराची नोकरी गेली आणि माझी आली, तर आकडा बरोबर दिसतो, पण त्याच्या घरची चूल त्या आकड्यानं पेटत नाही.

म्हणून मला वाटतं, व्यापार थांबवा म्हणणं हे उत्तर नाही. जुन्या कामातून नव्या कामात जायला जो पूल लागतो, प्रशिक्षण, शाळा, मधल्या काळातला आधार, तो कोण बांधणार, हे विचारायला हवं. नाहीतर उद्या क्लायंटनं एआयकडे काम वळवलं, की पुलाच्या अलीकडे आपणच उभे असू.

तुमच्या घरात कोणी गिरणीत काम केलंय का? आजोबांना, आजीला विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकू. भेटूया!