फुग्याने आवळलेला श्वास

कळंब्याच्या उसात मण्यार चावलेला माणूस कोल्हापूरच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर जातो आणि वाचून घरी येतो. पुढे काही आठवड्यांनी श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, की घरचे म्हणतात, दमा लागला. पण आधी शंका घ्यावी ती व्हेंटिलेटरसाठी घातलेल्या नळीची. जिने जीव वाचवला, तिच्याच जागी श्वासनळी आवळत गेलेली असू शकते.

या दुखण्याचे कूळ १९५२च्या कोपनहेगनमधले. पोलिओच्या साथीत ब्योर्न इब्सेनने रुग्णांच्या गळ्यात नळ्या बसवायला लावल्या आणि वैद्यकीचे विद्यार्थी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबत बसले. आजचा आयसीयू तिथून निघाला. हवा निसटू नये म्हणून नळीभोवती फुगा असतो, त्याला कफ म्हणतात. तो जास्त फुगवला की आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, कूर्चा झिजते आणि जखम भरताना व्रण गोल आवळतो. बॉस्टनच्या कूपर आणि ग्रिलो यांनी १९६९मध्ये हे सप्रमाण मांडले.

आवळलेली जागा रुंदावणे हा सर्वांत जुना इलाज. त्यात पुढे लेझर आणि बलूनची भर पडली. जाळीसारखा पातळ व्रण असेल तर तेवढ्याने भागते. लांब, कूर्चा खचलेला असेल तर तो पुन्हा आवळतो आणि खेपा सुरू होतात. १९६५च्या सुमारास माँटगोमेरीने टी-ट्यूब आणली, १९९०मध्ये मार्सेच्या द्यूमाँने सिलिकॉनचा स्टेंट. आत बसून वाट उघडी धरणारे हे दोन्ही शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांना मोठे आधार. धातूच्या स्टेंटबाबत मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५मध्येच सावध केले होते.

खरी कमाल त्याच हर्मीस ग्रिलोची. मोठ्या माणसाची श्वासनळी सुमारे ११ सेंटीमीटर, आणि त्यातली दोनच कापता येतात असा तेव्हाचा समज. नळी मोकळी करून, मान पुढे वाकवून, जवळजवळ निम्मी काढता येते हे त्याने दाखवले. टाक्यांवर ताण नको म्हणून हनुवटी आठवडाभर छातीशी शिवून ठेवायची! १९९५मध्ये त्याने मांडलेल्या ५०३ रुग्णांत शेकडा ९३हून अधिकांना गुण आला होता. प्रकृती झेपणारी आणि हात सरावलेला असेल, तर माझे मत कापून जोडण्याच्याच बाजूने.

त्याहून स्वस्त इलाज म्हणजे कफचा दाब २० ते ३० सेंटीमीटर पाण्याइतका राखणे. त्यासाठी छोटा दाबमापक पुरतो. आपले माणूस व्हेंटिलेटरवर असेल, तर तो दाब रोज मोजतात का, एवढे विचाराच.