गुलाबी बोंडअळीची टेहळणी
गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकी खाते आणि बोंड वरून मात्र धडधाकट दिसते. म्हणूनच २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बीटी कपाशीवर तिने घातलेला धुमाकूळ अनेकांना वेचणीच्या वेळीच उमगला.

टेहळणीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावतात. सापळ्यातील ल्यूर या आमिषातल्या मादीच्या गंधाला भुलून या अळीचे नर पतंग अडकतात. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आले, की उपाय योजावे लागतात.

निव्वळ सापळ्यावर विसंबणे धोक्याचे. पाकळ्या मिटलेल्या डोमकळ्या शोधाव्या लागतात, हिरवी बोंडे फोडून पाहावी लागतात. जिनिंगच्या आवारातही सापळे हवेत. साठवलेल्या सरकीतून निघालेले पतंग लगतच्या शिवारात उतरतात.