मोटारीच्या तोंडावरील मोहोळ



घाट चढतां चढतां वाफ सोडीत उभी राहिलेली जुनी मोटार ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस एंजिनाच्या उष्णतेचा प्रश्न निराळा समजावून सांगावयास नको. सिलिंडरांत पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिचा थोडाच भाग चाकांच्या कामीं येतो. उरलेली बाहेर काढली नाहीं तर दट्ट्या जागच्या जागीं धरून बसतो.

कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालच्या आपल्या तीनचाकी गाडींत यावर अगदीं साधा उपाय योजिला होता. सिलिंडराभोंवतीं पाणी ठेवावयाचें व तें उकळून उडून जाऊं द्यावयाचें! १८८८ च्या ऑगस्टांत त्यांच्या पत्नी बर्थाबाई मानहाइमहून फोर्झहाइमला गाडी घेऊन गेल्या, तेव्हां त्यांना वाटेंत जागोजागीं पाणी भरून घ्यावें लागलें. एंजिनें लहान होतीं म्हणूनच हें निभावलें.

एंजिनाची शक्ति वाढली कीं पाणीही वाढवावें, हा मार्ग सहज सुचणारा. परंतु मग मिळविलेली शक्ति पाण्याचें ओझें वाहण्यांतच खर्चीं पडावयाची. डाइमलर कारखान्याचे अभियंते विल्हेल्म मायबाख यांनीं प्रश्नच उलटा घातला. पाणी न वाढवितां वाऱ्यास लागणारें पृष्ठ कां वाढवूं नये? ऊन चहा आपण बशींत ओततों तो याच न्यायानें. १८९७ सालीं त्यांनीं नळ्यांचा रेडिएटर केला, आणि १९०० सालीं त्याहून पुढची मजल मारली. सहा मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकत्र डांखवून त्यांनीं जणूं मोहोळच बनविलें. नळ्यांतून वारा जाई व त्यांच्यामधील अरुंद फटींतून पाणी.

येथें मास्तराला फळ्यावर हिशेब मांडण्याचा मोह आवरत नाहीं. साठ मिलिमीटर बाजूच्या एका चौकोनाची परिमिति २४०. त्याच जागेंत सहा मिलिमीटरचे शंभर चौकोन बसतात, आणि त्यांची एकूण परिमिति होते २,४००. जागा तेवढीच, पृष्ठ दसपट! त्यामुळें पूर्वीच्या १८ लिटर पाण्याचें काम ९ लिटरांत भागूं लागलें. गाडी सावकाश चालतांना वारा कमी पडे, म्हणून मागें एक लहान पंखा बसविला.

याची कसोटी लागली ती फ्रान्समधील नीस ते ला तुर्बी या साडेपंधरा किलोमीटरांच्या चढावर. एंजिनावर ताण पुरा आणि वेग कमी, अशी चढाची अडचण दुहेरी असते. शिवाय १९०० सालीं याच शर्यतींत डाइमलरचे चालक विल्हेल्म बाउअर प्राणास मुकले होते. कारखान्याची अब्रूच पणास लागली होती. मार्च १९०१ मध्यें विल्हेल्म वेर्नर ३५ घोड्यांची नवी मर्सिडीज घेऊन तोच चढ चढले. पूर्वीचा उच्चांक ताशीं ३१.३ किलोमीटरांचा होता. वेर्नरांची सरासरी पडली ५१.४. सारें श्रेय रेडिएटरास देणें न्यायाचें नव्हे, कारण गाडीची बांधणीही बुटकी, लांब व हलकी झाली होती. परंतु इतकें बलाढ्य एंजिन एवढ्याशा पाण्यावर टिकलें तें या मोहोळामुळेंच.

पुढें इतर कारखान्यांनींही हीच तऱ्हा उचलली. मात्र हजारों सांधे डांखविण्याचें हें काम खर्चाचें. म्हणून १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या स्वस्त मॉडेल टी गाडीस उभ्या नळ्या व त्यांवर पातळ पत्रे असा साधाच रेडिएटर बसविलेला असे.