चकती गतिरोधक : जुन्या मोटारगाड्यांतील रूपांतर

चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीला दोन्ही बाजूंनी घर्षण-पट्ट्यांनी आवळून वाहनाचा वेग कमी करणाऱ्या साधनाला चकती गतिरोधक म्हणतात; व्यवहारात डिस्क ब्रेक हाच शब्द रूढ आहे. मूळच्या ड्रम गतिरोधकाच्या जागी तो बसविल्यावर, पायपट्टी सोडूनही चाक मोकळे न होणे हा वारंवार आढळणारा दोष होय. कारागीर त्यास ब्रेक धरणे किंवा जाम होणे असे म्हणतात.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली चकती गतिरोधकाचे एकस्व घेतले. तथापि पुढील अर्धशतक ड्रमचेच ठरले. डनलॉप चकत्या बसविलेल्या जॅग्वार गाडीने १९५३ ची ल मां शर्यत जिंकली आणि १९५५ साली सित्रोएन डीएस या गाडीत पुढील चाकांना चकत्या आल्या. त्यानंतर यूरोपात हा प्रकार झपाट्याने पसरला.

मुंबईच्या उपनगरांत मात्र ड्रमचा काळ लांबला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० व पुढे प्रीमियर पद्मिनी या गाड्या तयार झाल्या. कांदिवलीस महिंद्रच्या जीप तयार होत. या जुन्या गाड्यांना चारही चाकांस ड्रम असत. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी अडकून घर्षण घटते. अंधेरीच्या भुयारी मार्गासारख्या सखल जागी पावसाळ्यात याचा अनुभव येतो. चकतीवरील पाणी फिरण्यानेच फेकले जाते. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. जतन केलेल्या खाजगी गाड्यांच्या बाबतीत रूपांतराचा प्रश्न शिल्लक आहे.

दोषाचे मूळ दोन रचनांच्या भेदात आहे. ड्रममधील शू जोरदार स्प्रिंगांमुळे मागे खेचले जातात. म्हणून अशा अनेक प्रणालींत मुख्य सिलिंडरपाशी झडप ठेवून नळ्यांत सुमारे ०·७ किग्रॅ./चौ. सेंमी. दाब कायम राखला जातो. कॅलिपरमध्ये अशी स्प्रिंग नसते. रबरी कड्याच्या लवचिकतेने दट्ट्या मिलिमीटरच्या अंशाएवढाच मागे सरतो. जुनी झडप तशीच राहिल्यास पट्ट्या चकतीला सतत घासतात. जुन्या जीपप्रमाणे मुख्य सिलिंडर पायाखाली, कॅलिपरपेक्षा खाली असेल, तर द्रव परत वाहू नये म्हणून सुमारे ०·१५ किग्रॅ./चौ. सेंमी.ची झडप लागते. दुसरे कारण म्हणजे पायपट्टीच्या दांड्याला मोकळीक नसणे. त्यामुळे द्रव परतण्याचे सूक्ष्म छिद्र बंद राहते, तापलेला द्रव प्रसरण पावतो आणि गाडी चालेल तसा दाब वाढत जातो.

निदान क्रमाने करावे. गाडी घट्ट टेकूंवर उचलून, पायपट्टी दाबून सोडावी व चाक हाताने फिरवावे. चाक अडत असल्यास प्रथम मुख्य सिलिंडरपाशी नळीचा जोड किंचित सैल करावा. चाक सुटले, तर दोष झडपेत किंवा दांड्याच्या मोकळिकीत आहे. न सुटल्यास कॅलिपरवरील हवा काढण्याचा स्क्रू उघडावा. आता सुटले, तर मधली नळी अथवा आतून सुजलेला रबरी होज तपासावा. तरीही न सुटल्यास कॅलिपरचा गंजलेला दट्ट्या, अडकलेल्या सरकपिना किंवा चुकीची बैठक कारणीभूत असते. दोन्ही चाके अडत असल्यास मुख्य सिलिंडरकडे, एकच अडत असल्यास त्या चाकाकडे संशय जातो. तपासणीनंतर जोड घट्ट करून प्रणालीतील हवा काढणे अनिवार्य आहे. खनिज तेल द्रव म्हणून वापरल्यास रबर फुगते व हाच दोष उद्‌भवतो.

या दोषाची उपेक्षा धोक्याची आहे. सततच्या घर्षणाने द्रव उकळून वाफ होते. वाफ दाबली जात असल्याने पायपट्टी खाली जाते, पण गाडी थांबत नाही. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरबदलांस मनाई करते. म्हणून रूपांतरापूर्वी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे इष्ट ठरते. सुस्थितीतील मूळ ड्रम हे सदोष चकतीपेक्षा अधिक विश्वासार्ह असतात.