दगडी पिशाच्चाचे वय

छायाचित्र कधी खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणतो. ते खरेही असेल; परंतु छायाचित्राला नेमका प्रश्न विचारला नाही, तर त्याच्या खऱ्या साक्षीचाही भलताच अर्थ लागतो. पॅरिसमधील नोत्र-दाम या जगप्रसिद्ध चर्चच्या मनोऱ्यावर शार्ल नेग्र याने १८५३ साली घेतलेले छायाचित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

मनोऱ्याच्या उंच सज्जाच्या कठड्यावर एक दगडी पिशाच्च बसले आहे. डोक्याला शिंगे, पाठीला पंख, जीभ बाहेर. हातांवर हनुवटी टेकून ते खाली शहराकडे पाहत आहे. शेजारी उंच काळी टोपी घातलेला गृहस्थ उभा आहे. तो नेग्रचा मित्र आंरी ल सेक; तोही छायाचित्रकारच.

नोत्र-दामचे बांधकाम ११६३ साली सुरू झाले. म्हणून चित्र पाहताच वाटते, की सात शतकांचे पिशाच्च एका आधुनिक माणसाशेजारी बसले आहे. वस्तुस्थिती मात्र उलटी आहे. ल सेक त्या वेळी पस्तिशीत होता, आणि पिशाच्च घडवून अवघी काही वर्षे झाली होती!

हे घडले कसे? १७९३ साली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, दर्शनी भिंतीवरील २८ राजांच्या मूर्ती फ्रान्सच्या राजांच्या समजून फोडण्यात आल्या. वास्तविक त्या बायबलमधील प्राचीन राजांच्या होत्या. (त्यांपैकी २१ शिरे १९७७ साली पॅरिसमध्येच खोदकामात सापडली.) पुढे चर्चची दैना झाली. १८३१ साली व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीने लोकांचे लक्ष तिकडे वेधले, आणि १८४४ साली जीर्णोद्धाराचे काम लास्यू व व्हिओले-ल-द्यूक या वास्तुकारांकडे आले. सज्जातील ही पिशाच्चे व्हिओले-ल-द्यूकच्या कल्पनेतून उतरली. मध्ययुगात पन्हळीला जनावरांची तोंडे असत, आपल्या देवळांवरील मकरमुखांसारखी. त्यांचे काम पावसाचे पाणी दूर फेकण्याचे. ही पिशाच्चे मात्र नुसतीच शोभेची.

तेव्हा नेग्रचे चित्र मध्ययुगाची नव्हे, तर जीर्णोद्धाराची साक्ष देते. एकोणिसाव्या शतकाने मध्ययुग कसे कल्पिले, हे त्यात दिसते.

चर्चच्या शिखराचेही तसेच. जुने लाकडी शिखर अठराव्या शतकाअखेर उतरवले गेले. नवे १८५९ साली उभे राहिले. त्यामुळे एखाद्या जुन्या छायाचित्रात शिखर नसेल, तर ते १८५९ पूर्वीचे, हे ओळखता येते. १५ एप्रिल २०१९ रोजी हेच नवे शिखर आगीत कोसळताना पाहून लोक रडले. ते मध्ययुगीन नव्हते म्हणून त्या अश्रूंना का खोटे म्हणावे? शिखर पुन्हा तसेच उभारण्यात आले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च भाविकांना खुले झाले. जीर्णोद्धार हाही इतिहासच असतो. मात्र कोणता दगड कोणाच्या हातचा, हे माहीत असावे.

भगिनींनो, आपल्या गावच्या देवळाचे एखादे जुने छायाचित्र घरात असेल, तर ते जरा निरखून पाहा. सभामंडपावर कौले आहेत की पत्रे? दीपमाळ आहे का? ओवऱ्या पडक्या आहेत की नव्या? आणि सापडलेले साल चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या पिढीला त्याचा उपयोग होईल.