कुत्र्याचा टंच निघतो का?

इअरफोन लावलेत ना? मग चला, आजची गोष्ट थेट माझ्या गावातून, हुपरीतून.

हुपरी म्हणजे चांदी. आमच्या घरात पैंजण घडतात, त्यामुळं एक शब्द लहानपणापासून कानावर आहे: टंच. शंभर भागांत शुद्ध चांदी किती, तो टंच. तुकडा तपासायला द्यायचा, आकडा येतो, विषय संपला.

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावानं कारवान जातीचं पिल्लू आणलं. मादी. सडपातळ अंग, लांब पाय, निमुळतं तोंड. नाव ठेवलं रुपा. विकणारा म्हणाला होता, "शंभर टक्के प्युअर." आठ महिन्यांनी गल्लीत कुणीतरी पुडी सोडली, "ह्यात ग्रेहाउंड मिसळलाय." झालं! भावानं डीएनए टेस्टचं किट मागवलं. रुपाच्या गालाच्या आतून काडी फिरवली, पाकीट पाठवलं. रिपोर्ट आला: मोठा वाटा साळुकी, थोडा ग्रेहाउंड, बाकी 'अनिश्चित'. कारवानचं नावच नाही.

"दादा, फसलो मी. परत देऊन टाकतो हिला."

रुपा तेव्हा काकांच्या पायाशी झोपली होती. मी म्हटलं, "चार दिवस थांब." आणि वाचायला बसलो.

पहिली गोष्ट कळली ती नावाची. आपण ज्याला कारवान म्हणतो, त्यालाच सीमेपलीकडं मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळ आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. हुपरीपासून सरळ रेषेत मोजलं तर शंभरेक किलोमीटर. पण १९४८ पर्यंत ते घोरपड्यांचं संस्थान होतं. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी पाहिलं, की बेडर समाजाचे लोक या कुत्र्यांना घेऊन शिकार करतात. त्यांनी ही कुत्री जोपासली, वाढवली. आजही केनेल क्लब ऑफ इंडिया याच कुत्र्याला कारवान हाउंड म्हणून नोंदवतो, आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. म्हणजे कुत्रं एक, कागद दोन.

मालोजीरावांनी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला या कुत्र्यांची जोडी भेट दिली, ही गोष्ट सगळीकडं सांगितली जाते. अनेक ठिकाणी साल १९३७ दिलेलं असतं. पण पंचम जॉर्ज २० जानेवारी १९३६ लाच वारला! भेट दिली असेलही, पण हे साल काही खरं नाही. म्हणजे बघा, कुत्र्याच्या आधी गोष्टीची वंशावळ तपासायला लागते.

आता 'प्युअर' हा शब्द. माणसाबरोबर कुत्रं हजारो वर्षं आहे. पण 'शुद्ध जात' म्हणजे आईबाप दोघांचीही नोंद वहीत असणं, ही कल्पना त्या मानानं कालची. लंडनमध्ये केनेल क्लब निघाला १८७३ मध्ये. आधी नोंदवही, मग ठरलेलं रूप, मग वहीबाहेरच्या कुत्र्याला दार बंद. बेडरांच्या शिकारी कुत्र्याला अशी वही कधी नव्हती. जे पळायचं, ते टिकायचं.

मग डीएनए आला. २००४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांचा डीएनए तपासला. त्यातल्या ९९ टक्के कुत्र्यांची जात नुसत्या डीएनएवरून बरोबर ओळखता आली. पुढच्याच वर्षी ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. त्याच २००५ मध्ये भारतीय टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. एकीकडं प्रयोगशाळा, एकीकडं तिकीट!

पण या टेस्टची मेख इथंच आहे. प्रयोगशाळेकडं आधी तपासलेल्या कुत्र्यांच्या नमुन्यांचा साठा असतो. तुमच्या कुत्र्याचा डीएनए त्या साठ्याशी ताडून बघतात. साठ्यात जी जातच नाही, तिचं नाव रिपोर्टात येणार कुठून? मग मशीन जवळचा नातेवाईक दाखवतं. मुधोळ हाउंडचे पूर्वज व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिमेकडून आले आणि ते साळुकीसारख्या कुत्र्यांचे नातेवाईक होते, असं मानलं जातं. मग 'साळुकी' येणारच की! मी त्या कंपनीची जातींची यादी उघडली. कारवान नाही, मुधोळ नाही.

म्हणजे रुपा प्युअर ठरली का? तसंही नाही. वेगासाठी या कुत्र्यांत ग्रेहाउंड मिसळतात, हे खरंच आहे. ज्यांना जात टिकवायची आहे, त्यांच्यासाठी तपासणी महत्त्वाचीच. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं मुधोळ हाउंडची अधिकृत नोंद केली आहे. पण खात्री हवी तर पिल्लाबरोबर आईबापाचेही नमुने लागतात, आणि साठ्यात आपल्या मातीतली कुत्री लागतात.

आणि शुद्धतेचा हट्ट महागातही पडतो. डाल्मेशियनमध्ये मूतखड्याचा दोष असा पसरला, की जातीत निरोगी जीनच उरला नव्हता. १९७३ मध्ये एका संशोधकानं त्यात पॉइंटर मिसळून तो जीन परत आणला. त्या वंशाला अमेरिकन केनेल क्लबनं दार उघडलं २०११ मध्ये. एका मिसळीला ३८ वर्षं शिक्षा!

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण टंच किती?"

मी म्हटलं, "भावा, चांदी मूलद्रव्य आहे. शंभर टंच म्हणजे काय, ते निसर्गानं ठरवलंय. कुत्र्याचे शंभर टंच माणसानं वहीत ठरवले."

काका इतका वेळ कडी जोडत होते. मान वर न करता म्हणाले, "टंच कशाला काढतात रं? विकायची असती म्हणून. हिला विकायची हाय का?"

भाऊ काही बोलला नाही. रुपाचा पट्टा घेतला आणि तिला फिरवायला बाहेर पडला. परत द्यायचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

तुमच्या घरातल्या कुत्र्याची गोष्ट काय? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!